गुणाचा प्रल्हाद

प्रल्हाद आचाऱ्यांच्या घरात दोन प्रल्हाद राहत होते, आणि त्यांतला एक फार गुणाचा होता. तो वेळच्या वेळी गोळ्या घ्यायचा, मोजून पाणी प्यायचा, अळणी दोडका मुकाट्यानं गिळायचा आणि कधी कुणावर खेकसायचा नाही. हा प्रल्हाद भिंतीवरच्या पडद्यात राहायचा. दुसरा हाडामांसाचा. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्याच दोडक्याला नावं ठेवायचा. मंदाताईंचा संसार अर्थात या दुसऱ्याशी होता.

पडद्यातल्याला सरकारी भाषेत ‘प्रतिदेह’ म्हणत. त्याची गरज का पडली हे समजायला फार शिकावं लागत नाही. घरात एक म्हातारं माणूस असलं की पुरे. म्हातारपणी दुखणं एकटं येत नाही. प्रल्हादरावांचं हृदय अशक्त होतं, मूत्रपिंडं कुरकुरत होती, साखर होती, गुडघे गेले होते, डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. पूर्वी प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळा असायचा आणि एकाची गोळी दुसऱ्याच्या मुळावर यायची. हृदयासाठी अंगातलं पाणी काढावं तर मूत्रपिंडं कोरडी पडायची. गुडघ्यांसाठी वेदनाशामक द्यावं तर पाणी परत साठायचं. पाच दुखणी म्हणजे पाचांची बेरीज नव्हे. ती भावकी असते, आणि भावकी एकमेकांशी कशी वागते हे काय सांगायला हवं?

प्रतिदेह ही सगळी भावकी एका छपराखाली आणायचा. मनगटावरची पट्टी नाडी सांगायची, न्हाणीघरापुढची चटई वजन सांगायची, आणि जेवायचं ताट काय खाल्लं ते सांगायचं. त्यावरून यंत्रात त्याच माणसाची आकड्यांची प्रतिमा उभी राहायची. मग प्रश्न आधी तिला विचारायचे. ही गोळी वाढवली तर काय होईल? हे एकटे राहिले तर? रात्री पाय घसरला तर? यंत्रातला प्रल्हाद शंभरदा पडायचा, धापा टाकायचा, मरायचासुद्धा, म्हणजे बाहेरच्याला तसं मरायला नको. शेवटी तो सांगायचा की या माणसाला काळजीची कितवी पायरी लागते. पहिली पायरी म्हणजे आपलं आपण, दुसरीला दिवसातून थोडा वेळ मदतनीस, तिसरीला दिवसभर, आणि चौथी म्हणजे घर सोडून आधार केंद्र.

ताटाची युक्ती तर अगदी साधी होती. मिठाच्या पाण्यातून वीज चटकन वाहते. ताटाच्या प्रत्येक खणात धातूचे बारीक ठिपके होते. त्यांतून कळेल न कळेल एवढी वीज फिरायची आणि अन्नात किती मीठ आहे, त्यातलं किती संपलं, हे पडद्याला कळायचं. प्रल्हादरावांच्या ताटाला निळी कड होती, मंदाताईंच्या ताटाला पिवळी. मंदाताईंनाही साखर होती, रक्तदाब होता, गुडघे तर होतेच. त्यांचीही एक गुणाची मंदा पडद्यात होती.

मीठ म्हणजे प्रल्हादरावांची उभी हयात. कऱ्हाडच्या आसपास लग्न असो, मुंज असो की भंडारा, स्वयंपाकाला प्रल्हाद गुरव असले की यजमान निर्धास्त. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नाही, हा त्यांचा दंडक. मग पाचशे पानांच्या आमटीतलं मीठ कळायचं कसं? ते कढईवर वाकून वाफ तोंडावर घ्यायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, “बसलं.” चिरणं, मळणं, तळणं हाताखालचे करायचे, मीठ फक्त त्यांच्या मुठीतनं पडायचं. पान वाढायचं तेही मिठापासून. मीठ आधी, मग लिंबू, मग बाकीचा संसार.

अशा माणसाला डॉक्टरांनी मीठ बंद केलं. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. मीठ पाण्याला धरून ठेवतं, आणि थकलेल्या हृदयाला ते पाणी पुढं ढकलवत नाही. मग पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. पहिल्या दिवशी निळं ताट समोर आलं तेव्हा प्रल्हादरावांनी भाताचा एक घास घेतला, हात थांबवला आणि बायकोकडे पाहिलं.

“मंदे,” त्यांनी विचारलं, “कोण गेलं?”

त्यांच्या घरात अळणी शिजायचं ते फक्त सुतकात.

पुढं ते चार घासांवर उठू लागले. अंगावरचा सदरा सैल झाला. पुण्याहून लेकीचा, सारिकाचा, रोज फोन यायचा. “आई, बाबांच्या ताटातलं अन्न तसंच राहतंय. पडद्यावर लाल दिसतंय मला. तू बसून भरव ना त्यांना.” उभा जन्म दुसऱ्यांना आग्रह करकरून वाढलेल्या माणसाला भरवायचं कसं, हे मंदाताईंना कळेना. एका दुपारी दोन्ही ताटं वाढून झाली आणि त्यांनी काही न बोलता निळं ताट आपल्यापुढं ओढलं, पिवळं नवऱ्यापुढं सरकवलं.

प्रल्हादरावांनी आमटी-भात कालवला, घास घेतला आणि डोळे मिटले. “बसलं,” ते म्हणाले.

दोन्ही ताटं चाटूनपुसून रिकामी झाली. पडदा हिरवा झाला. सारिकाचा फोन आला, “बघ, जेवायला लागले की नाही बाबा!”

यंत्राला आपण फसवतोय असं मंदाताईंच्या मनातही आलं नाही. त्यांनी फक्त नवऱ्याचं नावडतं ताट आपल्याकडे घेतलं होतं. बायका दुसरं काय करत आल्यात? पहिले काही दिवस अळणी घास तोंडात नुसता फिरायचा. मग जीभही शहाणी झाली. दोन दिवाळ्या अशाच गेल्या.

तिसऱ्या दिवाळीच्या आधी प्रल्हादरावांच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहू लागला. एक उशी पुरेना, दोन पुरेनात. पडद्यातल्या प्रल्हादाचं गणित मात्र सरळ होतं. या माणसाच्या पोटात मीठ जात नाही, पाणी मोजून जातं, आणि तरी पाणी साठतंय. म्हणजे हृदयच झपाट्यानं खचतंय. त्यानं पाणी काढायची गोळी वाढवली. मग आणखी वाढवली. आणि मग एके दिवशी पायरी बदलली. चौथी.

तालुक्याच्या आधार केंद्रातून तनुजा आली. काळजीची पडताळणी करणं हे तिचं काम, आणि ती ते मन लावून करायची. सारिकाही रजा काढून आली होती. मंदाताईंनी चहा केला. तनुजानं प्रल्हादरावांना उठवलं, बसवलं, चार पावलं चालवलं, पायावरचा खड्डा पाहिला, आणि मग पडद्याकडे पाठ करून बसली.

“काका, काकू, यंत्र एक सांगतंय, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. खाण्यात मीठ जातंय का? लोणचं, पापड, एखादी फोड? मी रागवायला नाही आले. जात असेल तर औषधांचं गणितच वेगळं होईल. जात नसेल तर हृदय फार थकलंय असं धरावं लागेल, आणि काकांना केंद्रावर न्यावं लागेल.”

“आई, तू काही देत नाहीस ना त्यांना?” सारिका म्हणाली. ती आल्यापासून वडिलांच्या पायांकडे पाहत होती आणि तिचा आवाज चढला होता. “नाही म्हणजे, तू प्रेमानं देशील, पण ते विष आहे त्यांना. कळतंय ना तुला?”

मंदाताईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण त्याआधीच प्रल्हादराव बोलले.

“मीठ? ही बाई मला मीठ दील व्हय? दोन वर्सं झाली, माज्या ताटाला मीठ शिवलं न्हाई. इचारा त्या ताटाला.”

आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. लग्नघरात ऐन पंगतीत भात कमी पडला की हाताखालच्या माणसाकडे ते असंच पाहायचे. भांडं झाक, पाहुण्यांना कळू देऊ नको. मंदाताईंनी तोंड मिटलं. परक्या मुलीसमोर आणि पोटच्या पोरीसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं, हे त्यांना जमलं नसतं. विष घालणारी म्हणवून घ्यायचं, तेही नाही.

“बरं,” तनुजा म्हणाली. तिनं उगाच थोडा वेळ चहा ढवळला.

ती गेल्यावर, सारिका बाहेर गाडीत सामान ठेवत असताना, मंदाताईंनी नवऱ्याला गाठलं. “खोटं कशापायी बोललासा?”

“तुला बोल लागला असता.”

“आन आता न्हेतील की तुमास्नी.”

“न्हिऊ द्यात. तितं खरंच अळणी घालतील. पाणी उतरंल, पाय उतरतील, मग ठिवून काय करतील? चार दिसांत येतो बग माघारी.” प्रल्हादराव हसले. “तुलाबी चार दिस मीठ खायाला मिळंल.”

त्यांचं गणितही तसं चोख होतं. फक्त वाढवून ठेवलेल्या गोळ्या त्यात धरायच्या राहिल्या होत्या.

केंद्र हमरस्त्याच्या पलीकडे होतं. स्वच्छ, उजेडाचं, बागबिग असलेलं. वाईट म्हणावं असं तिथं काही नव्हतं. मंदाताई एक दिवसाआड दुपारी रिक्षानं जायच्या. प्रल्हादरावांचे पाय खरोखर उतरले. वजन भराभरा कमी झालं. पडदा हिरवा होता आणि नर्स खूश होती. मंदाताईंचा जीव भांड्यात पडला. नवरा म्हणाला तसंच होत होतं.

पण शनिवारी गेल्या तेव्हा ते पलंगाला टेकून बसले होते, ओठ पांढरे पडले होते.

“उठलं की अंधारी येती,” ते म्हणाले. “जीब नुसती लाकडागत झालीया.”

मंदाताईंनी नर्सला बोलावलं. तिनं पडदा पाहिला. “पाणी उतरताना होतं असं, मावशी. यंत्राला हेच अपेक्षित आहे. बघा, सगळं त्याच्या आकड्यांबरहुकूम चाललंय.” ती बिचारी खोटं बोलत नव्हती. जे औषध मीठ खाणाऱ्या माणसाचं पाणी काढायला कमी पडत होतं, तेच औषध आता मीठ न खाणाऱ्याला कोरडं करत होतं. पण तो माणूस मीठ खात होता हे जगात फक्त दोघांना माहीत होतं, आणि ते दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसले होते.

“मंदे, पिशवीत काय हाय?”

“काय न्हाई.”

“लिंबाचं लोनचं हाय. वास लपतोय व्हय माज्यापास्नं?”

होतं. निघताना हातानं सवयीनं डबी भरली होती. मंदाताईंनी ती काढली, झाकणावर हात ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. या मिठापायीच हे सगळं झालं, असं त्यांना वाटलं. केंद्रात आणल्या दिवशी त्यांनी गणपतीपुढं हात जोडले होते, यांना घरी आण, पुन्हा कधी पथ्य मोडणार नाही. देवाला दिलेला शब्द आठवडाभरही पाळता येऊ नये?

“आता न्हाई,” त्या म्हणाल्या. “एवढं पाळलंय तुमी. घरी आल्यावर देते, पानात पहिलं मीठ वाढते. आता मोडू नका.”

प्रल्हादराव एरवी असं ऐकून घेणारे नव्हते. मंदाताई वाट पाहत होत्या, आता खेकसतील, आता दोडक्याला आणि डॉक्टरला एकाच मापानं मोजतील. ते म्हणाले, “बरं.” पडद्यातल्या गुणाच्या प्रल्हादासारखे ते निमूट बसून राहिले. मंदाताईंना बरं वाटायला हवं होतं. त्यांना भीती वाटली.

परतताना रिक्षात त्यांनी ठरवलं, तनुजाला सगळं सांगायचं. ताटांचं, दोन दिवाळ्यांचं, सगळं. केंद्राच्या दारातल्या माणसानं सांगितलं होतं, तनुजा मॅडम साताऱ्याला गेल्यात, सोमवारी येतील. सोमवार काही लांब नव्हता.

रविवारी सकाळी प्रल्हादराव मोरीकडे जायला उठले. उठल्या उठल्या डोळ्यांपुढं अंधारी आली. डोकं पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

हृदय थकलं होतं, असं सगळे म्हणाले. पडदाही तेच म्हणाला. सारिका आईच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, “तू शेवटपर्यंत पथ्य पाळलंस गं त्यांचं.” मंदाताईंना रडूही आलं नाही.

सुतकात घरात अळणी शिजू लागलं. सारिकाला घास जाईना. ती दोन घासांवर हात धुवायची. मंदाताई रोजच्यासारख्या जेवत होत्या. त्यांना नव्यानं काही पाळावं लागलंच नाही.

सुतक फिटल्यावर तनुजा आली. आता मंदाताई एकट्या राहणार म्हणून त्यांची पडताळणी करायची होती. साखर, रक्तदाब, गुडघे, शिवाय हे ताजं दुःख. तिनं पडदा लावला, थोडी घुटमळली, मग धीर द्यावा तशी म्हणाली, “काकू, तुम्हाला एक सांगायचं होतं. काकांचा प्रतिदेह वाया गेला नाही. ही सगळी यंत्रं एकमेकांकडून शिकतात. अळणी खाऊनही ज्यांचं पाणी साठतं, त्यांचं हृदय किती पटकन खचतं, हे काकांच्या आकड्यांवरून कळलं. आता तसे जे कुणी आहेत, त्यांची गोळी यंत्र आधीच वाढवून देतं. आपल्याच तालुक्यात कितीतरी घरांत सुरू झालंय. काका गेले, पण लोकांच्या उपयोगी पडतायत.”

मंदाताई तिच्याकडे बघत राहिल्या. कितीतरी घरांत. त्या घरांतून पलंगाची कड धरून उठणारी माणसं त्यांना दिसली. त्यांच्या बायका दिसल्या.

“बंद करा ते,” त्या म्हणाल्या.

“काय, काकू?”

“ते अळणी खात न्हवते. मी खात हुते.” आवाज सरळ होता, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “रोज ताटं बदलायचो आमी. निळं माजं, पिवळं त्यांचं. दोन दिवाळ्या झाल्या. त्या दिवशी तुमी इचारलंत, तवा ते माज्यापायी खोटं बोलले, आन मी त्यांच्यापायी गप बसले. त्यांचं हृदय खचलं न्हवतं, पोरी. नुसतं मीठ हुतं ते.”

सारिका दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. “आई,” ती म्हणाली, “एक शब्द. एक शब्द बोलली असतीस.”

“व्हय,” मंदाताई म्हणाल्या. “बोलले असते तर.”

सारिका तिथंच खाली बसली, तांब्या मांडीवर धरून, आईकडे न बघता.

तनुजाला मात्र काम करायलाच हवं होतं. कितीतरी घरांत गोळ्या दिल्या जात होत्या. आधी तिनं तिथल्या वाढीव गोळ्या थांबवायचा निरोप धाडला. मग दोन वर्षांच्या जेवणांत दोन्ही ताटं उलट केली, निळं पिवळ्याच्या जागी, पिवळं निळ्याच्या जागी. पडद्यानं पुन्हा हिशेब मांडायला घेतला. गुणाचा प्रल्हाद आता पहिल्यांदा खऱ्या प्रल्हादासारखा जेवू लागला. आमटी-भात, पिवळ्या ताटातला, मीठ बसलेला. त्याचे पाय सुजले, आणि यंत्राला या वेळी कारण कळलं. गोळी वाढली नाही. मीठ थोडं कमी करा, असं सुचवलं गेलं. सगळं बंद नको, थोडं. सूज उतरली. दिवाळी गेली. तो रविवार आला आणि गेला. पडद्यातले प्रल्हादराव सकाळी उठले, मोरीकडे गेले, परत आले.

खाली ओळ उमटली. मंदाताईंना चष्म्याशिवाय वाचता येईना. “काय म्हनतंय?” त्यांनी विचारलं.

तनुजाला ते वाचून दाखवायचं नव्हतं. तरी तिनं दाखवलं. “दुसरी पायरी. दिवसातून थोडा वेळ मदतनीस.” ती थांबली. “घरी राहू शकतात.”

मंदाताईंनी पडद्याकडे पाहिलं. तिथं आजची तारीख होती, नाडी चालू होती, जेवायची वेळ झाली होती.

“मग आना की त्यास्नी घरी,” त्या म्हणाल्या.

सारिकानं तांब्या खाली ठेवला आणि ती उठून आईजवळ येऊन बसली. तनुजाला पडदा बंद करायचा होता, पण तिचा हात उचलेना.